बागेसाठी झुडुपांची निवड : आधी उन्हाचे तास मोजणे आवश्यक

नवी दिल्ली : रोपवाटिकेतून आणलेले मोगऱ्याचे किंवा जास्वंदीचे बहरलेले रोप काही आठवड्यांतच फुलेनासे होते, तेव्हा दोष माती, खत किंवा पाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कारण जागेत असते. जमिनीत रुजलेले झुडूप पुन्हा हलवणे अवघड असल्याने, निवडीपूर्वी त्या जागी थेट ऊन किती तास पडते हे पाहणे आवश्यक ठरते.

जागेची पारख

दिवसाला सहा किंवा अधिक तास थेट ऊन मिळणारी जागा पूर्ण उन्हाची, तीन ते सहा तास ऊन मिळणारी अर्धसावलीची आणि त्याहून कमी ऊन मिळणारी सावलीची मानली जाते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला नोंद केल्यास जागेचा प्रकार कळतो. मात्र, एका ऋतूतील नोंद वर्षभरासाठी ग्राह्य धरता येत नाही.

दिल्लीत 21 जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 85 अंशांवर, तर 22 डिसेंबरच्या सुमारास केवळ 38 अंशांवर असतो. त्यामुळे वर छत असलेल्या दक्षिणाभिमुख सज्जात हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते, उन्हाळ्यात मात्र दुपारी तेथे सावली असते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, तर चेन्नईत एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. परिणामी, एरवी सावलीत असलेल्या उत्तरेकडील कुंड्यांतील रोपे या काळात करपू शकतात.

कोणत्या जागेत काय

पूर्ण उन्हात बोगनवेल, जास्वंद, कण्हेर, मोगरा, गुलाब आणि एक्झोरा चांगले फुलतात. पश्चिमेकडील भिंत दुपारी तापते आणि ती उष्णता संध्याकाळनंतरही बाहेर टाकत राहते. तेथे बोगनवेल आणि कण्हेर तग धरतात. केवळ सकाळचे कोवळे ऊन मिळणाऱ्या पूर्वेकडील जागेत तगर, कुंती आणि अबोली लावता येतात. सावलीत नेचे, अ‍ॅग्लोनिमा, ड्रासिना, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट तगतात. येथे फुलांपेक्षा पानांच्या रंगावर आणि आकारावर भर देणे योग्य ठरते.

रोपाची लक्षणे

ऊन कमी पडल्यास दोन पानांमधील अंतर वाढते, फांद्या प्रकाशाकडे झुकतात, पाने फिकट होतात आणि कळ्या धरत नाहीत. अशा वेळी खत वाढवून उपयोग होत नाही. ऊन अधिक झाल्यास पानांवर पांढरट किंवा तपकिरी चट्टे उमटतात. सावलीत माती उशिरा वाळत असल्याने तेथील कुंड्यांना उन्हातील कुंड्यांइतके पाणी दिल्यास मुळे कुजतात. वरची माती बोटाने चाचपून, ती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे.

रोपवाटिकेत रोपे बहुधा हिरव्या जाळीखाली वाढवलेली असतात. ती एकदम कडक उन्हात न ठेवता आठ-दहा दिवस रोज थोडा अधिक वेळ उन्हात ठेवून सवय लावावी. त्यानंतरच, शक्यतो पावसाळ्याच्या प्रारंभी, त्यांची लागवड करावी.

सुरक्षेचा विचार

ऊन-सावलीचा मेळ बसला तरी प्रत्येक झुडूप प्रत्येक घरासाठी योग्य नसते. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिया विशेष घातक ठरतात. सावलीसाठी लोकप्रिय असलेल्या डायफेनबेकियाचे पान चावल्यास तोंडाची तीव्र आग होऊन सूज येते. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरांत उन्हासाठी कण्हेरीऐवजी जास्वंद किंवा एक्झोरा, तर सावलीसाठी डायफेनबेकियाऐवजी नेचे निवडणे हिताचे ठरते.