कागलची लेक, ग्वाल्हेरची कारभारीण

उत्तरेची सहल निघाली की गटातल्या बायका काशी, मथुरा, आग्रा अशी नावं घेतात. आम्ही सुचवतो, वाटेत ग्वाल्हेरला उतरा. शहर लांब आहे, पण आपल्या कोल्हापूरचं त्याच्याशी नातं आहे.

आधी किल्ला बघा. राजा मानसिंह तोमर यांनी सुमारे ५०० वर्षांपूर्वी बांधलेल्या महालाच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या फरशांचे हत्ती, बदकं, केळीची झाडं आहेत. किल्ला चढताना चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजचे ५० हार, असा हिशेब कोरलाय. त्यातलं शून्य आपण लिहितो तसंच गोल आहे. खाली शहरात झाशीच्या राणीची समाधी आहे. १८५८ साली ती इथंच लढताना पडली.

शहराच्या पलीकडं चंबळ नदी. तिच्यात लांब सोंडेसारख्या तोंडाच्या मगरी, म्हणजे घडियाल, आणि गोड्या पाण्यातले डॉल्फिन राहतात. त्याच भागातल्या कुनोच्या जंगलात २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणून सोडले. आपल्याला यात नवल वाटायला नको. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार करत. इथले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतूनच आणले होते.

आता नात्याचं सांगतो. बायजाबाई कागलच्या घाटगे घराण्यातली, १७८४ साली जन्मलेली. शाहू महाराजही मूळचे याच घराण्यातले. १७९८ साली पुण्यात तिचं दौलतराव शिंद्यांशी लग्न झालं. १८२७ मध्ये दौलतराव वारले. पोटी मुलगा नव्हता. तिनं दत्तक घेतला आणि सहा वर्षं सगळा कारभार स्वतः बघितला. ती घोड्यावर पक्की होती, आणि पैशाच्या व्यवहारातही. उज्जैनला तिची पेढी होती. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप तिनंच बांधला. पुढं दत्तक मुलाशी बिनसलं आणि १८३३ साली तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं.

त्या परागंदा दिवसांत फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला भेटायची. दोघी बायकांच्या हक्कांवर बोलल्या. राज्य करणाऱ्या इंग्रजांच्या देशातही लग्न झालेल्या बाईच्या हातात कायद्यानं काही उरत नाही, हे त्या बोलण्यात निघालं. इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेचा पुरता हक्क १८८२ साली मिळाला. बायजाबाई त्याआधीच, १८६३ साली ग्वाल्हेरात वारली.

मैत्रिणींनो, गटाचं पासबुक आपल्या नावावर आहे. घराच्या उताऱ्यावर आणि सातबारावर कुणाचं नाव आहे, ते या आठवड्यात तलाठ्याकडं, ग्रामपंचायतीत जाऊन बघा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.