शेण, माशी आणि आफ्रिकेतून आलेले पाहुणे

मागच्या सुट्टीत मामाच्या गोठ्यात उभी होते. चार संकरित गाई, शेपट्या सारख्या हलतायत, आणि मामा पाठीवर पंप लावून फवारणी करतोय. मला बघून म्हणाला, "तू किड्यांचा अभ्यास करतेस ना? मग या माशांना खाणारा एखादा किडा आण की." माझा प्रबंध नेमका याच प्रश्नाच्या इतिहासावर आहे, हे त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "आणला होता का कुणी?" आणला होता. थोडेथोडके नाही, चाळीसच्या वर जातींचे. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते. मामाचं उत्तर शेवटी देते, कारण ते त्याला फारसं आवडलं नाही.

गोष्ट ऑस्ट्रेलियाची आहे. 1788 मध्ये ब्रिटिशांचं पहिलं जहाजी पथक तिथे पोचलं, तेव्हा बरोबर मोजकीच गुरं होती. ती वाटेत आफ्रिकेच्या टोकाला, केपटाउनला घेतलेली. उतरल्यावर काही महिन्यांतच ती रानात पळून गेली आणि 1795 मध्ये सापडली तेव्हा त्यांचा चांगला कळप झाला होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली मेख इथेच आहे. गाई आफ्रिकेतून उचलल्या, पण त्यांच्या शेणामागे फिरणारे शेणकिडे तिथेच राहिले.

तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रेलियात स्वतःचे शेणकिडे नव्हते का? होते, शेकडो जातींचे. पण त्यांची सवय कांगारूच्या लेंड्यांची. सुकी, बारीक, टणक लेंडी. गाईचा ओला, पसरट पो त्यातल्या बहुतेकांना परकाच, शिवाय बरेचसे जंगलात राहणारे, उघड्या कुरणात न येणारे. त्यामुळे पो पडायचा तिथेच वाळायचा आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त, तसाच राहायचा. त्याखालचं गवत मरायचं आणि भोवतीचं गवत गाई तोंडात धरायच्या नाहीत. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. 1970 च्या दशकाच्या मध्यात तिथे सुमारे 3 कोटी गुरं होती. गुणाकार तुम्हीच करा.

आणि माशा! दोन माशा लक्षात ठेवा. एक बुश फ्लाय, तिथलीच. डोळे, नाक, ओठ यांवर बसणारी, चावत नाही पण जीव नकोसा करते. तोंडापुढे सारखा हात हलवण्याला तिकडे गमतीने 'ऑस्ट्रेलियन सलाम' म्हणतात. दुसरी बफेलो फ्लाय, एकोणिसाव्या शतकात तिमोरकडून म्हशींबरोबर उत्तर किनाऱ्यावर आलेली. ही रक्त पिते, जनावराच्या अंगावरच मुक्काम ठोकते आणि ताजा पो पडला की अंडी घालायला तेवढी खाली उतरते. दोघींच्या अळ्यांना शेण लागतं. तुडवलं न गेलेलं, न कालवलेलं शेण म्हणजे त्यांचा पाळणाच.

जॉर्ज बोर्नेमिस्सा हा हंगेरियन कीटकशास्त्रज्ञ 1951 च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात आला आणि कुरणात जागोजाग वाळलेले पो बघून चक्रावला. त्याच्या देशात हे दृश्य नसायचं. पुढे तो सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत गेला आणि 1960 मध्ये त्याने एका शोधनिबंधात सरळ प्रश्न टाकला: शेण खाणारे कीटक आपली कुरणं सुधारतील का? मला हा प्रश्न आवडतो तो यासाठी की तो माशांपासून सुरू होत नाही, गवतापासून सुरू होतो. माशांचा मुद्दा प्रकल्पाला पैसा आणि लोकांचा पाठिंबा मिळवून द्यायला उपयोगी पडला असावा, असा माझा अंदाज आहे. गवत खराब झालं म्हणून शहरातला माणूस अस्वस्थ होत नाही, डोळ्यावर माशी बसली की होतो.

त्या वेळचे कीटक विभागाचे प्रमुख डग वॉटरहाउस यांची एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते. 1963 मध्ये राणी एलिझाबेथ कॅनबेराला आली, तेव्हा त्यांच्याच विभागाने बनवलेला कीटकरोधक फवारा पाहुण्यांवर मारला होता. त्याची कृती त्यांनी फुकट देऊन टाकली आणि तो फवारा पुढे घराघरांत गेला.

पण बाहेरून किडा आणायचा तर भीती मोठी. 1935 मध्ये उसातल्या किडीवर उपाय म्हणून क्वीन्सलंडमध्ये केन टोड हा बेडूक आणला होता, त्याने किडी सोडून बाकी सगळं खाल्लं. शिवाय शेणाबरोबर लाळ-खुरकुताचा विषाणू आला तर संपलंच. म्हणून दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला केंद्र उघडून एक किचकट पद्धत बसवली. किड्यांनी बनवलेल्या शेणाच्या गोळ्यांतून अंडी काढायची, फॉर्मॅलिनने धुवायची, आणि फक्त अंडीच विमानाने कॅनबेराला पाठवायची. तिथे माणसांनी हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत एकेक अंडं ठेवायचं. गोवऱ्या थापणाऱ्या आपल्या आजीला हे काम दिलं असतं तर तिने दुपारपर्यंत उरकलं असतं!

1960 च्या दशकाच्या शेवटी उत्तर क्वीन्सलंडमध्ये टाउन्सव्हिलच्या आसपास पहिले किडे सोडले. त्यातला गझेला हा आफ्रिकी शेणकिडा, हवाईमार्गे आलेला, दोनेक वर्षांत शेकडो किलोमीटर पसरला. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत 43 जाती सोडल्या गेल्या आणि 23 रुजल्या.

किडे नेमकं काय करतात? माशी खात नाहीत, हे आधी लक्षात घ्या. ते पो फोडतात, रस चोखतात आणि गोळे करून जमिनीत पुरतात. अळीला ओलावाही मिळत नाही आणि वेळही. वर त्यांच्या अंगावर बसून मॅक्रोचेलिस नावाचे बारीक माइट प्रवास करतात. पो आला की ते खाली उतरून माशीची अंडी आणि लहान अळ्या फस्त करतात. त्यातली एक आफ्रिकी जातही मुद्दाम आणली गेली.

यश मिळालं का? इथे सावध राहायला हवं. कॅनबेरात आज लोक उघड्यावर बसून कॉफी पितात ते शेणकिड्यांमुळे, असं तिकडे कौतुकाने सांगतात. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. नैऋत्य ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात बुश फ्लाय कमी झाल्या, पण वसंतात किडे जागे व्हायच्या आधी माशांचा पहिला लोंढा निघून जायचा. ती फट बुजवायला 2012 नंतर दक्षिण युरोपातून वसंतात काम करणाऱ्या आणखी दोन जाती आणाव्या लागल्या. बफेलो फ्लायबाबत मूळ आशा पुरी झाली नाही. ती आजही उत्तरेत ठाण मांडून आहे. त्यात 1980 च्या दशकात आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक आलं. त्याचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. म्हणजे एका हाताने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे.

मामाला मी हे सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न: "आपल्याकडे शेणकिडे नाहीत का?" आहेत, चराऊ रानात गेलास तर पावसाळ्यात हवे तेवढे दिसतील. पण त्याच्या गाई चरायला जातच नाहीत. फरशीवर बांधलेल्या, शेण सकाळ-संध्याकाळ फावड्याने उकिरड्यावर. शेणकिड्याला पो आणि त्याखाली खणता येईल अशी माती लागते. फरशीवर तो काय करणार? उकिरड्यातल्या माशीवर उपयोगी पडते ती वेगळीच मंडळी, स्पालांजियासारख्या बारीक गांधीलमाश्या. त्या माशीचा कोष शोधून त्यात अंडं घालतात आणि आतून माशीऐवजी गांधीलमाशीच बाहेर येते. माणसाला त्या चावत नाहीत. पण उकिरड्यावर फवारा मारला तर त्या आधी मरतात.

मामाने पंप खाली ठेवला, उकिरड्याकडे बघितलं. "म्हणजे मला आधी उकिरडा बदलावा लागणार," म्हणाला. त्या दिवशी फवारणी मात्र त्याने पूर्ण केली.