मनमाडला गाडी बदलायची, तेव्हापासून

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाणारी एसटी चिकलठाणा, मुकुंदवाडी मागे टाकते आणि थोड्या वेळाने कंडक्टरची हाक येते, "हायकोर्टवाले पुढे या!" दोन-चार माणसं उठतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कव्हरात सातबारा, भूसंपादनाची नोटीस, खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल. कुणी परतूरकडचा, धरणात जमीन गेलेला. कुणी अंबडचा शिक्षक, वेतनश्रेणीसाठी भांडणारा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची इमारत उभी आहे तीच मुळी जालना रोडवर. आम्हा जालनेकरांना या पत्त्याचं मोल वाटतं, कारण न्यायालय एवढं जवळ यायला मराठवाड्याला पंचवीस वर्षं वाट पाहावी लागली.

हैदराबाद राज्य होतं तोवर आमचं उच्च न्यायालय हैदराबादला होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमची अपिलं मुंबईला गेली. काचीगुडा-मनमाड मीटरगेजची गाडी तीच राहिली, प्रवासाची दिशा तेवढी उलटली. मनमाडला उतरायचं, मोठ्या रुळाची गाडी धरायची, मुंबईत कुणा गाववाल्याच्या खोलीवर पथारी टाकायची आणि सकाळी कोर्टात जाऊन ऐकायचं की तारीख पुढे गेली. चारशे किलोमीटर आल्या पावली परत. या हेलपाट्यांना भिऊन किती जणांनी अपीलच केलं नसेल, त्याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

वकिलांनी आणि लोकांनी खंडपीठाची मागणी लावून धरली. १९७८ मध्ये विधानसभेनं तिच्या बाजूनं ठराव केला. १ मे १९८१ ला सिंधुदुर्गाबरोबर जालना जिल्हा झाला, तेव्हा बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते. त्याच वर्षी २७ ऑगस्टला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशानं औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. नवा जिल्हा आणि नवं न्यायालय चार महिन्यांच्या अंतरानं जन्मलेली भावंडंच म्हणायची.

पुढचं फारसं कुणी सांगत नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ खाली काढलेल्या या आदेशाला मुंबईतच आव्हान दिलं गेलं आणि डिसेंबर १९८१ मध्ये उच्च न्यायालयानं आपल्याच मुख्य न्यायमूर्तींचा आदेश रद्द ठरवला. मराठवाड्यात त्या वेळी काय वाटलं असेल! सरकारच्या हाती सत्ता होती, पाठीशी विधानसभेचा ठराव होता, साऱ्या विभागाचं लोकमत होतं. हा निकाल आम्ही मानत नाही, असं म्हटलं असतं तर टाळ्याच पडल्या असत्या. सरकारनं तसं केलं नाही. अपील केलं. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये तिथं मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य झाला. निकाल पटला नाही तर वर जायचं, तो डावलायचा नाही. या खंडपीठाचा पायाच या रीतीवर उभा आहे, आणि त्याच्या सगळ्या वाटचालीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

हा वाद चालू असतानाच, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईत न्यायमूर्ती लेंटिन यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या देणग्या आणि सिमेंटवाटप यांच्या प्रकरणात मुख्यमंत्र्यांच्या विरोधात निकाल दिला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. प्रकरण पुढे वर्षानुवर्षं वरच्या न्यायालयांत चाललं, पण खुर्ची सोडायला त्यांनी तितकी वाट पाहिली नाही. मार्च १९८६ मध्ये पुन्हा तेच घडलं. मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि आमच्याच मराठवाड्यातले, निलंग्याचे शिवाजीराव पाटील मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले. चार वर्षांत दोन मुख्यमंत्री न्यायालयाच्या शब्दानं गेले. आज हे आठवलं की दूरच्या काळातलं काही वाचल्यासारखं वाटतं, आणि त्याचं मला दुःख होतं.

२७ ऑगस्ट १९८४ ला खंडपीठ कायम झालं. पुढे नगर, जळगाव, धुळे, नंदुरबारही त्याच्या कक्षेत आले.

पण जवळ न्यायालय असणं वेगळं आणि निकाल हाती पडणं वेगळं. खंडपीठानं वाढीव मोबदला द्या म्हटल्यावरही शेतकरी वर्षभरानं पुन्हा त्याच एसटीत दिसतो. आता पिशवीत अवमान याचिकेचे कागद असतात. कार्यालयात त्याला सांगितलेलं असतं, "वरून आदेश नाही." या 'वरून'चं शेवटचं टोक मुख्यमंत्र्यांच्या टेबलापर्यंत जातं. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना राज्यघटनेच्या कलम ३६१ चं संरक्षण आहे, मुख्यमंत्र्यांना नाही. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री असताना अयोध्येबाबत न्यायालयाला दिलेला शब्द न पाळल्याबद्दल कल्याणसिंहांना सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड केला. २००६ मध्ये लाकूड गिरण्यांच्या प्रकरणात, आदेश डावलून परवाने दिल्याबद्दल, नंदुरबारचे सुरूपसिंग नाईक यांना एक महिन्याची शिक्षा झाली. ते तेव्हा राज्याचे मंत्री होते आणि त्यांच्याबरोबर एका प्रधान सचिवांनाही तीच शिक्षा झाली.

निकाल पाळण्याच्या या प्रश्नाचा सगळा ताण अलीकडे जालना जिल्ह्यानं अंगावर घेतला. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला. त्या खटल्याच्या शीर्षकातच प्रतिवादी म्हणून 'मुख्यमंत्री' आहेत. दोन वर्षांनी, १ सप्टेंबर २०२३ ला, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत याच आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या मंडपावर लाठ्या पडल्या आणि गावाचं नाव देशभर गेलं. माणसं डोकी फुटेपर्यंत मार खात असताना, निकालामुळे हात बांधलेले आहेत, हे वाक्य ऐकवत नाही. ती वेदना खरी आहे. आणि तरीही त्या निकालाला वळसा घालून दिलेला कागद पुढच्याच सुनावणीत फाटेल, हे मंडपात बसलेल्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन निवृत्त न्यायमूर्ती मंडपात आले, तेव्हा बोलणं निघालं ते न्यायालयात टिकेल अशा आरक्षणाचं. "टिकणारं" हा शब्द तेव्हापासून आमच्या पारावर, चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतो. जुन्या नोंदी काढा, गॅझेट पाहा, आयोगाचा अहवाल आणा, पण टिकणारं द्या. खेड्यातल्या माणसानं मुख्यमंत्र्याकडे निकालाच्या चौकटीत बसेल तेच मागावं, हे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीत सकाळचीच माणसं परत भेटतात. परतूरचा म्हातारा खिडकीशी बसून पिशवीतून नक्कल काढतो. शिक्का आहे ना, सही आहे ना, हे बोटानं चाचपतो आणि शेजारच्याला विचारतो, "आता हे तहसीलात दिलं की काम होईल ना?"