मागच्या दाराने येणारी आत्या

आमच्या पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचं पुढचं दार पाहुण्यांचं, मागचं आत्याचं. नाईट करून सकाळी आली की ती बोळातून मागे जायची, न्हाणीघरात साडी भिजवून आंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायची. आजीचं सोवळं की वॉर्डातल्या रोगांची धास्ती, कोण जाणे. बहुधा दोन्ही. मग आजीच तिच्यापुढे मऊ भात, मेतकूट आणि तुपाची धार ठेवायची नि आम्हा पोरांना दटावायची, "गोंगाट करू नका, तिला झोपू द्या." झोप कसली! दहा वाजता धुणं तिचंच, दुपारचं निवडणं-टिपणंही तिचंच.

आत्या ऐन विशीत विधवा झाली. तिला नर्सिंगला घालताना घरात रमाबाई रानड्यांचा दाखला निघाला होता. 1909 साली रमाबाईंनी पुण्यात सेवासदन काढलं, तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या आणि पेठांमधून बोंब उठली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय! आमच्यातली एक चुलतआजी त्या शिकणाऱ्या बायकांत होती म्हणे. आजोबा सांगायचे, तिने शिक्षण पुरं केलं. आजी सांगायची, सासरच्यांनी अर्ध्यातून ओढून आणली. मला आजीचं खरं वाटतं.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आत्या कामावर होती. आमच्याकडे पाणी माडीच्या पायऱ्यांपर्यंत चढलं. घर उभं आहे की गेलं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. चिखल तुडवत आली, आम्हाला मोजलं, उभ्याने दोन घास खाल्ले आणि पुन्हा कामावर गेली. हे सगळं ऐकीव. मी तेव्हा कडेवर होतो.

मला आठवते ती कपाळाला सुंठ उगाळून लावलेली, अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली आत्या. अशा दिवशी वॉर्डात कुणाचं तरी लेकरू गेलेलं असायचं. तिला कुणी काही विचारत नसे. एकदा तिने राजीनामा लिहिला होता. तो आजोबांनी फाडला की तिनेच, यावर घरात अजून दोन मतं आहेत. माझ्या वडिलांची फी मात्र तिच्याच पगारातून जात होती, यावर एकच. निवृत्तीच्या दिवशी आम्ही तिच्या निष्ठेचं कौतुक केलं. तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

आता माझी पुतणी नर्स आहे. मार्च 2020 मध्ये राज्यातले पहिले कोरोनाचे रुग्ण पुण्यातच सापडले, तेव्हा ती एका खासगी रुग्णालयात होती. साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स असावी, असा कागदावरचा नियम. तिच्या वाट्याला रात्री अख्खा वॉर्ड यायचा. पीपीई किट चढवलं की पुढच्या पाळीच्या नर्सकडे वॉर्ड सोपवेपर्यंत पाण्याचा घोट नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मणिपूरच्या शेकडो नर्स कोलकात्याच्या नोकऱ्या सोडून घरी परतल्या. हिनेही सोडली. पुढे दुसरी धरली, तीही सोडली. "ही पोर कुठे टिकतच नाही," असं आमच्याकडे सर्रास म्हणतात.

2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्गशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ती जर्मन शिकते आहे. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. ती म्हणाली, "मला कुणी बोलावलं असतं तर मी पानशेतच्या आधीच गेले असते." मग पोरीला जवळ बसवून विचारलं, तिकडे नाईट झाली की दुसऱ्या दिवशी घरचं कोण करतं?

"कुणीच नाही, आत्याआजी. झोपतात."

आत्याचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.