यंत्राचे दार आणि सेटरची किल्ली

संगणकाच्या आज्ञेनुसार धातू कापणाऱ्या, आणि टूल आपोआप बदलत मिलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग अशी कामे एकाच बांधणीत उरकणाऱ्या यंत्राला सीएनसी मशीनिंग सेंटर म्हणतात. त्याचे सरकते दार स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, फिरत असताना उघडत नाही, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की त्या दारापाशी दोन निराळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. एक परंपरा कुंपणाची आणि कुलपाची, जी रेल्वे आणि कारखानेविषयक कायदा यांतून आली. दुसरी नियंत्रणातील पर्यायांची, म्हणजे कार्यक्रम मध्येच थांबवणे, एकेक ओळ चालवणे, वेग कमी करणे अशा सोयींची, जी मुळात उत्पादनाच्या गरजेतून जन्मली. या दोहोंची सांगड घालायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले, आणि जिथे ती नीट बसली नाही तिथे कुलूप असूनही माणसाचा हात सुरक्षित राहिला नाही.

इंटरलॉक म्हणजे एक स्थिती पक्की झाल्याखेरीज दुसऱ्या क्रियेला वावच न देणारी रचना. ही कल्पना यंत्रशाळेतली नव्हे, रुळांवरची आहे. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकमेकांशी जोडून हलवण्याच्या रचनेचे पेटंट १८५६ साली घेतले, आणि त्यातूनच पुढे अशी खटक्यांची चौकट घडत गेली की सांधा चुकीच्या बाजूला असेल तर सिग्नलचा खटका ओढलाच जात नसे. सांधेवाल्याने लक्ष ठेवावे, ही अपेक्षा त्यामुळे पुरेशी मानली जाईनाशी झाली; त्याचे लक्ष चुकले तरी लोखंड चुकू देणार नाही, अशी व्यवस्था आली, आणि १८८९ च्या ब्रिटिश रेल्वे कायद्याने ती प्रवासी मार्गांवर सक्तीची केली.

कारखान्यांत मात्र बराच काळ कुंपणावरच भागवले गेले. १८४४ च्या ब्रिटिश कायद्याने गिरण्यांतील चाके आणि दंड यांना आडोसा घालण्यास सांगितले. हिंदुस्थानात मुंबईच्या गिरण्यांच्या चौकशीनंतर आलेल्या १८८१ च्या कायद्यातही धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ मध्ये आणखी एक पाऊल टाकले: यंत्राचे भाग गतिमान असताना आडोसा जागच्या जागी असलाच पाहिजे. लगेच पुढच्या कलमाने मात्र एक वास्तव मान्य केले, ते म्हणजे काही तपासणी आणि जुळवणी यंत्र चालू असतानाच करावी लागते. तिला परवानगी होती, पण ती खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारालाच, त्याने घट्ट बसणारे कपडे घालावेत, ते मालकाने पुरवावेत आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे, अशा अटींवर. या कलमाची भाषा आज जुनाट वाटते. तरी धोक्याजवळ जाणे अटळ असेल तर कोण जाणार आणि कोणत्या अटींवर, हे आधी ठरले पाहिजे, हा त्यातला विचार पुढच्या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे.

दुसरी परंपरा अमेरिकेत सुरू झाली. जॉन पार्सन्स यांनी हवाई दलाकडून १९४९ साली मिळवलेल्या कामातून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने १९५२ मध्ये संख्यात्मक नियंत्रणाचे मिलिंग यंत्र चालवून दाखवले. पुढे या यंत्रांच्या आज्ञा आठ ओळींच्या छिद्रित फितीवर येऊ लागल्या, आणि फितीच्या एका प्रचलित संकेतात प्रत्येक आडव्या रांगेतील छिद्रांची संख्या विषमच असे. धुळीने किंवा तेलाने एखादे छिद्र वाचले गेले नाही, तर संख्या सम होई आणि नियंत्रक तिथेच थांबे. दाराला कुलूप लागण्याच्या कितीतरी आधी आज्ञेला कुलूप लागले होते, असे म्हणता येईल.

बाकीचे पर्यायही याच काळात रूढ झाले. एम०० ही आज्ञा आली की यंत्र हमखास थांबते. एम०१ आली की पॅनेलवरचे बटण दाबलेले असेल तरच थांबते. त्यामुळे पहिल्या जॉबला प्रत्येक टप्प्यावर माप घेता येते आणि नंतरचे जॉब अखंड चालवता येतात. ओळीच्या आरंभी तिरकी रेघ असली तर ती ओळ गाळण्याची मुभा मिळते, आणि ओतकामावर धातू कमीअधिक निघत असल्यास ही मुभा फार उपयोगी पडते. सिंगल ब्लॉकमध्ये एकेक ओळ बटण दाबून चालवतात, ओव्हरराइडने वेग टक्क्यांत कमी करतात. हे सारे पर्याय जॉब, टूल आणि वेळ वाचवण्यासाठी होते. माणसाचे रक्षण हा त्यांचा हेतू नव्हता. फीड होल्डचे बटण दाबल्यावर सरकणे थांबते, पण स्पिंडल फिरतच राहतो, हा भेद नवशिक्या ऑपरेटरला ठासून सांगावा लागतो, तो याचसाठी.

१९५८ च्या सुमारास कर्नी अँड ट्रेकर कंपनीचे ‘मिलवॉकी-मॅटिक’ आले. ते स्वतःच टूल बदलत असे, आणि इथून धोक्याचे स्वरूपच पालटले. हाताने फिरवायच्या चाकाच्या यंत्रावर पुढची हालचाल कामगाराच्या मनात असे. आता ती फितीत होती, आणि बाहेरून स्तब्ध दिसणारे यंत्र पुढच्या क्षणी काय करील, हे समोरच्या माणसाला कळण्याचा मार्ग उरला नाही. वेग वाढले, कूलंटचा मारा वाढला, धातूचा तापलेला कीस दूरवर उडू लागला, तसे यंत्र चारी बाजूंनी बंदिस्त होत गेले.

दार आल्यावर ते बंद आहे की नाही हे यंत्राला सांगणारा स्विच आला. या स्विचची घडण पाहण्यासारखी आहे. दारावर पोलादाची जीभ असते, चौकटीवरील डबीला खाच असते. जीभ खाचेत शिरली की मंडल जुळते, आणि दार ओढले की तीच जीभ संपर्काची टोके थेट खेचून अलग करते. स्प्रिंगच्या भरवशावर काहीच सोडलेले नसते, म्हणून टोके वितळून चिकटली असली तरी ती ओढून तोडली जातात. पुढच्या टप्प्यावर त्या जिभेलाच कुलूप घालण्यात आले, कारण वीज तोडल्यावरही जड स्पिंडल काही वेळ फिरत राहतो आणि तो पुरता थांबेपर्यंत दार उघडता कामा नये.

युरोपीय समुदायाच्या १९८९ च्या यंत्रविषयक निर्देशाने आणि मशीनिंग सेंटरसाठी २००१ मध्ये आलेल्या ईएन १२४१७ या मानकाने अखेर दोन्ही परंपरा यंत्राची कामाची स्थिती निवडणाऱ्या एका किल्लीत आणल्या. किल्ली स्वयंचलित स्थितीत असेल तर दार बंदच हवे; सेटिंगच्या स्थितीत दार उघडे चालते, पण सरकण्याचा वेग मिनिटाला दोन मीटरपर्यंत बांधलेला असतो. नोंदवहीतल्या नावाची जागा किल्लीने घेतली आणि घट्ट कपड्यांची जागा बांधलेल्या वेगाने.

तरीही जर्मनीतील व्यावसायिक अपघात विमा संस्थांच्या संघाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात धातुकामाच्या यंत्रांवरील सुमारे ३७ टक्के संरक्षक साधने कायमची वा तात्पुरती निकामी केलेली असल्याचे दिसून आले. यात कामगाराच्या बेफिकिरीकडे बोट दाखवणे सोपे असले तरी ते अन्यायाचे आहे. व्हाइसमध्ये बांधलेल्या जॉबचे शून्य, म्हणजे मापांचा आरंभबिंदू, पकडताना सेटरला, म्हणजे यंत्राची जुळवणी करणाऱ्या कामगाराला, टूलचे टोक डोळ्यांनी पाहावे लागते. त्यासाठी यंत्रात रीतसर सोय नसेल, किंवा असलेली सोय कामाला फार संथ पडत असेल, तर सुटी जीभ मिळवून ती खाचेत कायमची अडकवली जाते आणि दार उघडे असूनही यंत्राला ते बंद भासते. २०१३ च्या आयएसओ १४११९ या मानकाने म्हणूनच सांकेतिक, सहज नक्कल न होणाऱ्या जिभांचा विचार केला, आणि त्याबरोबरच यंत्र रचणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा असे घालून दिले: हे कुलूप चुकवावे असे वाटायला माझ्या रचनेत कोणते कारण उरले आहे?