डर्बीशायरच्या शिसेखाणींतील बाष्पयंत्रे आणि निचराबोगदे

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात शेल्डन गावाजवळच्या उघड्या माळावर ‘मॅगपाय’ नावाच्या शिसेखाणीचे अवशेष उभे आहेत. त्यांत सर्वांत ठळक दिसते ते १८६९ सालचे दगडी यंत्रघर. बाष्पशक्तीच्या विजयाचे स्मारक म्हणून त्याकडे पाहण्याचा प्रघात आहे. परंतु या खाणीचा इतिहास बारकाईने पाहिल्यास हा समज टिकत नाही.

यंत्रघराची एक भिंत इतर तिन्हींपेक्षा बरीच जाड आहे. कॉर्निश पद्धतीच्या यंत्रात अजस्र तरफेचा मध्य याच भिंतीवर तोललेला असे. तरफेचे एक टोक घरात, सिलिंडरवर. दुसरे बाहेर, खाणीच्या उभ्या विवरावर. वाफेच्या बळाने विवरातील अवजड दांडे वर उचलले जात आणि परत खाली येताना ते स्वतःच्या भाराने पाणी वर रेटीत. म्हणजे भिंत हा यंत्राचाच एक अवयव होता. खाणी बंद पडल्यावर लोखंड मोडीत गेले, मात्र दगडाला गिऱ्हाईक नव्हते. म्हणून घरे उरली.

वाफेचा उपयोग या प्रदेशास नवा नव्हता. न्यूकोमेनचे पहिले यशस्वी यंत्र १७१२ मध्ये डडलीजवळ चालू झाले आणि १७३० मध्ये जेम्स क्लेग या धर्मोपदेशकाने विन्स्टर येथे अशी तीन यंत्रे पाहिल्याची नोंद केली आहे. तरीही त्यांचा प्रसार बेताचाच राहिला. कोळशाच्या खाणीत इंधन पायाशीच असते. शिशाची खाण चुनखडकात, आणि तेथे कोळसा दुरून ओढून आणावा लागे. उलट हा मुलूख खोल दऱ्यांनी चिरलेला असल्याने दरीच्या तळापासून बोगदा खोदून पाणी आपोआप बाहेर काढणे शक्य होते. अशा बोगद्यास तेथे ‘सफ’ म्हणत. खोदणाऱ्यास पाण्यातून मुक्त झालेल्या खाणींच्या खनिजाचा ठराविक हिस्सा मिळे. हिलकार सफचे काम १७६६ मध्ये सुरू होऊन पुढे सुमारे वीस वर्षे चालले. भांडवल अडकून पडे खरे. पण बोगदा पुरा झाला की कोळशाचे देणे नसे.

या पाण्यावरून कज्जेही झाले. क्रॉमफर्ड येथील आर्कराइटची सूतगिरणी अंशतः एका सफच्या पाण्यावर चाले. पुढे मीरब्रुक सफ अधिक खोलवर गेल्याने ते पाणी ओसरले. १८३९ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की खाणीसाठी निर्माण केलेला प्रवाह कायम राहावा, असा गिरणीमालकास हक्क नाही.

मॅगपायचा पूर्वेतिहास रक्तरंजित आहे. शेजारच्या रेड सॉइल खाणीशी शिरेच्या मालकीवरून तंटा पेटला; परस्परांना हुसकण्यासाठी भूगर्भात आगी लावल्या गेल्या आणि १८३३ मध्ये धुराने रेड सॉइलचे तीन कामगार गुदमरून मेले. आरोपी १८३४ मध्ये निर्दोष सुटले. मृतांच्या विधवांनी खाणीला शाप दिल्याची कथा आजही सांगतात. ‘विधवांची खाण’ हे नाव त्यातूनच पडले. अर्थात खाणीचे दिवाळे निघण्यास शापाची गरज नव्हती, पाणी पुरेसे होते.

१८३९ नंतर जॉन टेलरने कॉर्निश पद्धती येथे आणल्या. (याच घराण्याच्या पेढीने पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणी चालविल्या.) त्यानंतर १८६९ मध्ये ७० इंच व्यासाच्या सिलिंडरचे यंत्र बसले. या सुमारास विवर ७०० फुटांच्या आसपास पोचले होते. आणि तरीही १८७३ मध्ये मालकांनी वाय नदीच्या दरीतून बोगदा खोदावयास घेतला! अवाढव्य यंत्र बसवून पुरी चार वर्षेही लोटली नव्हती. १८८१ मध्ये बोगदा पुरा झाला आणि सुमारे ५८० फूट खोलीपर्यंतचे पाणी विनाइंधन वाहू लागले. लॅथकिल दरीतील मँडेल खाणीत बोगदा आधी, यंत्र नंतर, असा क्रम होता. तेथील यंत्र १८४७ चे आणि खाण बंद पडली १८५१ मध्ये. मिल क्लोज खाणीला मात्र यंत्राचा खरा लाभ झाला. पण तिलाही १९३८ च्या जलप्रलयाने गाठले.

मॅगपायमधील अखेरचे काम १९५० च्या दशकात थांबले. पुढे बोगद्यात दरड कोसळून पाणी तुंबले आणि १९६६ मध्ये ते डोंगरउतार फोडून, दगडमाती घेऊन वाय नदीत कोसळले. १९७० च्या दशकात बोगद्याचे तोंड मोकळे करण्यात आले. ते पाणी अद्याप वाहते.