म्यानमारच्या यादवीत चीन नेमका कुणाच्या बाजूने?

फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर म्यानमारमध्ये यादवी युद्ध पेटलं. चीन लष्कराला शस्त्रं विकतो, पण सीमेवरच्या सशस्त्र गटांशीही त्याचे जुने संबंध आहेत. मग चीनला हवंय काय?

तेलाचा पर्यायी मार्ग: चीनचं बरंचसं आयात तेल मलाक्काच्या अरुंद सामुद्रधुनीतून येतं. युद्धात हा मार्ग अडवला जाऊ शकतो. म्हणून बंगालच्या उपसागरातील क्याउकफ्यू बंदरापासून चीनच्या युनान प्रांतापर्यंत २०१३ मध्ये गॅसची आणि २०१७ मध्ये तेलाची पाइपलाइन सुरू झाली.

खनिजं: काचिन राज्यातली दुर्मीळ खनिजं चीनमध्ये जातात. २०२४ मध्ये तिथला महत्त्वाचा खाणपट्टा बंडखोरांनी घेतला.

शांत सीमा: ऑक्टोबर २०२३ मध्ये तीन सशस्त्र गटांनी उत्तर शान राज्यात हल्ला चढवला. तिथले ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे चिनी नागरिकांना लुबाडत होते, त्यामुळे चीनने डोळेझाक केली, असं जाणकार सांगतात. पण २०२४ मध्ये बंडखोरांनी लाशियो शहर जिंकलं आणि लष्कराचा पाया डळमळला. मग चीनने सीमेवरची नाकी बंद करून दबाव वाढवला. एप्रिल २०२५ मध्ये चिनी निरीक्षकांच्या देखरेखीखाली लाशियो पुन्हा लष्कराकडे गेलं.

थोडक्यात, चीन कुणा एकाच्या बाजूने नाही. लष्कर कोसळू नये आणि बंडखोरही हाताबाहेर जाऊ नयेत, एवढंच त्याला हवंय. दरम्यान, देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांची संख्या ३० लाखांच्या पुढे गेली आहे.